खोरं वाचवायचं तर शहराच्या नळापासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या तुमच्या खोऱ्यात शहराच्या पाण्यासाठी धरण येतंय. मोजणीवाले दगडांवर लाल रंगात आकडे टाकून गेलेत. तुम्ही पोरांनी धबधब्यांचे, भातखाचरांचे फोटो टाकले, लोकांनी ते भरभरून पाहिले, आणि खाली कुणीतरी विचारलं, "तुमच्या फोटोंसाठी शहरानं तहानलेलं राहायचं का?" यावर उत्तर काय द्यायचं आणि निसर्गसौंदर्याचा मुद्दा सरकारदरबारी टिकतो का, हे तुम्हाला हवंय.

टिकत नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची दोन वर्षं वाया जाणार नाहीत. सौंदर्यामुळे माणसं जमतात, ट्रेकवाले येतात, एखादा पत्रकार येतो. ते लागतंच. पण फाइलवर 'पिण्याचे पाणी' हे दोन शब्द आले की समोर काहीही ठेवा, ते हलकं पडतं. राज्याच्या जलनीतीतही पिण्याचं पाणी पहिल्या क्रमांकावर आहे आणि ते बरोबरच आहे. म्हणून तुमचं भांडण तहानेशी नाही हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट असू द्या. भांडण आहे ते शहराच्या गरजेचा जो आकडा अहवालात छापलाय त्याच्याशी. आकडा तपासता येतो.

मी पंचवीसेक वर्षं पाणीपुरवठा योजनांचे आराखडे करण्यात घालवली, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. निवृत्त झाल्यापासून बुडितातली गावं प्रकल्प अहवाल घेऊन येतात आणि मी ते वाचून देतो. तेव्हा जे लिहितोय त्यातलं बरंचसं दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

या प्रकारच्या लढ्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट अमेरिकेतली आहे. ती नीट समजून घ्या, कारण तुमच्यासमोर जे जे युक्तिवाद येणार आहेत ते सगळे तिथे येऊन गेलेत. कॅलिफोर्नियात योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हेच हेची नावाचं खोरं होतं. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे, मधून ट्युओलमी नदी, तळाला सपाट कुरण. सॅन फ्रान्सिस्कोला तिथे धरण हवं होतं. १९०६ साली भूकंप झाला, आग लागली, अर्धंअधिक शहर जळालं, आणि पाणी नव्हतं म्हणून शहर जळालं ही गोष्ट लोकांच्या मनात पक्की बसली. प्रत्यक्षात शहरातल्या जलवाहिन्या भूकंपानं फुटल्या होत्या. तलावात पाणी होतं, ते नळापर्यंत पोचत नव्हतं. दीडशे मैलांवर आणखी एक धरण असतं तरी त्या रात्री काही फरक पडला नसता. पण जळालेल्या शहरापुढे हे कोण बोलणार? १९०८ मध्ये शहराला पहिली परवानगी मिळाली.

विरोधात निसर्गलेखक जॉन म्युर उभे राहिले. त्यांच्या लेखणीत जोर होता. खोऱ्याला त्यांनी देवळाची उपमा दिली आणि धरण म्हणजे देवळाची पाण्याची टाकी करण्यासारखं आहे असं मांडलं. देशभरातून पत्रं गेली, मासिकांनी लेख छापले. त्यावर धरणवाल्यांनी काय केलं? अभियंता जॉन फ्रीमन यांनी १९१२ च्या अहवालात फोटोंवर हात फिरवून भावी जलाशयाची चित्रं दिली. कड्यांचं प्रतिबिंब पडलेलं निळंशार पाणी, काठानं रस्ता. कुरणापेक्षा तलाव जास्त देखणा दिसेल आणि जास्त लोकांना पाहता येईल, असा त्यांचा दावा होता. सौंदर्याच्या मुद्द्याला त्यांनी सौंदर्यानंच उत्तर दिलं. तुमच्याकडेही कुणीतरी बोटिंग, रिसॉर्ट आणि 'कृषी पर्यटन' घेऊन येईल, तयार राहा. हेच हेचीच्या जलाशयात आज बोटिंगही चालत नाही आणि पोहताही येत नाही, कारण ते पिण्याचं पाणी आहे. ही माहिती खिशात ठेवा, सभेत उपयोगी पडते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. १९१३ मध्ये लष्करी अभियंत्यांच्या मंडळानं पर्याय तपासले. शहराला पाणी देऊ शकतील असे इतर स्रोत आहेत हे त्यांनी मान्य केलं. हेच हेची सुमारे दोन कोटी डॉलरनं स्वस्त पडतं, एवढाच फरक. म्हणजे प्रश्न शहर जगेल की मरेल हा नव्हताच, बिल किती येईल हा होता. पण म्युर यांच्या बाजूनं या आकड्याला धरून बसणारं पुरेसं कुणी नव्हतं. त्यांची ताकद शब्दांत होती. त्या डिसेंबरात सिनेटमध्ये ४३ विरुद्ध २५ मतांनी कायदा मंजूर झाला, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी सही केली, आणि वर्षभरानं म्युर गेले. धरण १९२३ ला पूर्ण झालं, १९३८ ला उंची वाढवली. ज्या पाण्याची १९१३ मध्ये एवढी घाई होती ते शहरात पोचलं १९३४ साली.

आणि एकदा पाणी पोचलं की ते परत मिळत नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मतदान झालं. खोरं परत मोकळं करता येईल का याचा नुसता आराखडा तयार करायचा का, एवढाच प्रश्न होता. सुमारे ७७ टक्के लोकांनी नको म्हटलं. पर्यावरणाबाबत स्वतःला पुढारलेलं समजणारं शहर आहे ते.

जाता जाता आणखी एक. 'हेच हेची' हे नाव तिथल्या मिवोक लोकांच्या भाषेतून आलंय. खायच्या बियांचं एक गवत तिथे उगवायचं, त्याचं ते नाव. म्हणजे ती माणसांच्या वापरातली जमीन होती. पण 'निर्मनुष्य, पवित्र निसर्ग' या मांडणीत ती माणसं दिसेनाशी झाली. तुम्ही 'निसर्गरम्य खोरं' लिहिता तेव्हाही हेच होतं. फोटोत तुमच्या आजीचं वरीचं शेत येत नाही, हिरवा डोंगर येतो. आणि अहवाल लिहिणारा मग निर्धास्तपणे 'बाधित क्षेत्र बहुतांशी पडीक व वनजमीन' असं लिहून मोकळा होतो.

आता जिंकलेली बाजू. डेन्व्हर शहरासाठी साउथ प्लॅट नदीवर टू फोर्क्स नावाचं धरण ठरलं होतं. सुमारे ११ लाख एकर-फूट, आपल्या भाषेत ४८ टीएमसीच्या आसपास. खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून २९ टीएमसी भरतात, म्हणजे त्यांच्या दीडपटीहून मोठं. खोरं देखणं, मासेमारीला नावाजलेलं. पण तिथल्या विरोधकांनी खोऱ्याचे फोटो दुसऱ्या पानावर ढकलले आणि पहिल्या पानावर शहराचं पाणीबिल ठेवलं. डेन्व्हरमध्ये तेव्हा हजारो घरांना मीटरच नव्हते, महिन्याला ठरावीक रक्कम भरा आणि लागेल तेवढं पाणी वापरा असा कारभार. उन्हाळ्यात पाण्याचा मोठा वाटा घरापुढच्या हिरवळीवर जायचा. विरोधकांनी पर्यायी आराखडाच मांडला: मीटर बसवा, गळती काढा, शेजारच्या उपनगरांनी यंत्रणा एकमेकांना जोडाव्यात, भूजल आणि नदी आलटून पालटून वापरा. १९९० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं धरणाला नकाराधिकार वापरला. १९९२ पर्यंत डेन्व्हरनं सगळीकडे मीटर बसवले. पुढे लोकसंख्या वाढली तरी शहर तहानेनं मेलं नाही.

बॉस्टनचंही असंच. १९३८ मध्ये क्वाबिन जलाशयासाठी तिथे चार गावं कायद्यानं बरखास्त झाली, ग्रामपंचायतीसकट. पुढे पाणी पुन्हा कमी पडू लागलं तेव्हा कनेक्टिकट नदीचं पाणी वळवायची योजना आली. विरोध झाला, आणि १९८० च्या दशकात शहरानं आधी गळती काढायला घेतली. रोजचा वापर इतका उतरला की नदी वळवायची गरजच राहिली नाही. गळती काढण्याच्या कामाचं उद्घाटन कुणी करत नाही, फीत कापायला तिथे काही नसतं. आपल्याकडे ते मागे पडायचं हे एक खरं कारण आहे, हसू नका.

भारतातलं उदाहरण म्हणजे सायलेंट व्हॅली. ते धरण विजेसाठी होतं, पाण्यासाठी नव्हे, पण रीत तीच. कवींनी कविता केल्या, त्यानं केरळ हललं हे खरं. पण १९७९ मध्ये केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या मंडळींनी प्रकल्पाचा तांत्रिक-आर्थिक हिशेब मांडला, मलबारची विजेची गरज दुसऱ्या मार्गानं कशी भागेल ते दाखवलं, तेव्हा चर्चेचा नूर पालटला. १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं.

आता घरचा हिशेब करू. मुंबईचं उदाहरण घेतो, कारण तिचे आकडे सहज मिळतात आणि तुमच्या शहराला तीच पद्धत लावता येईल.

मुंबई रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी आणते, सात तलावांतून. विहार १८६० चा, मग तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, आणि शेवटचा मध्य वैतरणा २०१४ चा. लोकसंख्या सढळ हातानं दीड कोटी धरू. भागाकार करा: माणशी सुमारे २५६ लिटर. महानगरासाठी केंद्राचा निकष माणशी १५० लिटर आहे. मग वस्तीतली बाई पहाटे तीनला हंडा घेऊन का उभी असते? कारण झोपडपट्टीसाठी पालिकेचा निकष वर्षानुवर्षं ४५ लिटर आणि इमारतींसाठी १३५ लिटर असा राहिलाय, आणि कारण वाटेत पाणी हरवतं. गळती आणि चोरी मिळून हरवणाऱ्या या 'बिनहिशेबी पाण्या'चा पालिकेकडून येणारा आकडा पाव हिस्सा ते एक तृतीयांश असा फिरत असतो. कमीत कमी धरा, पाव. ३,८५० चा पाव म्हणजे सुमारे ९६०. त्यातलं निम्मं जरी वाचवलं तरी ४८० दशलक्ष लिटर.

मुंबईसाठी पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात गारगाई नदीवर जे धरण ठरलंय, तानसा अभयारण्याच्या जंगलात, ओगदे आणि आसपासची गावं उठवून, त्याचं पाणी किती? ४४० दशलक्ष लिटर.

हा हिशेब सभेत फळ्यावर करून दाखवा. खडूनं. लोक स्वतः भागाकार करतात आणि मग कुणाला पटवावं लागत नाही.

पण इथेच एक सावधगिरी. २५६ लिटरमध्ये कार्यालयं, रुग्णालयं, रेल्वे, हॉटेलं आणि रोज बाहेरून येणारी लाखो माणसं सगळी आली. 'प्रत्येक मुंबईकर २५६ लिटर उधळतो' असं म्हणालात तर समोरचा अभियंता दोन मिनिटांत तुम्हाला झोपवेल, आणि त्याचं बरोबर असेल. गळतीचंही तसंच. शंभर वर्षांच्या जुन्या जलवाहिन्या, वर काँक्रीटचा रस्ता, दिवसातून काही तासच पाणी, अशा जाळ्यात गळती शोधणं फार जिकिरीचं. सगळी गळती कधीच निघत नाही. म्हणून मी निम्मी धरली. आपला आकडा नेहमी थोडा आखडता धरायचा, समोरच्यानं खोडला तरी उभा राहील इतका.

पर्यायांबाबतही प्रामाणिक राहा. समुद्राचं पाणी गोडं करणं ऐकायला छान वाटतं, मुंबईत मनोरीला तशी योजना आहेच, आणि मध्यंतरी तिच्या बदल्यात गारगाई बाजूला ठेवायचं ठरलंही होतं. सरकार बदललं, गारगाई परत आलं. शिवाय हजार लिटरला तीन-चार युनिट वीज खाणारं ते प्रकरण आहे. त्यापेक्षा मला नागपूरचं उदाहरण जास्त आवडतं. तिथे शहराचं सांडपाणी शुद्ध करून रोज १३० दशलक्ष लिटर कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. केंद्राला नदीचं चांगलं पाणी लागत नाही, ते पिण्यासाठी उरतं. तुमच्या शहराजवळ औद्योगिक वसाहत किंवा वीज केंद्र असेल तर हा मुद्दा पहिल्या अर्जात घाला.

आता प्रकल्प अहवाल हातात घेऊन बसूया. तो तीनशे पानांचा असतो आणि लोक पहिल्या पानापासून वाचायला लागतात, मग भूगर्भशास्त्रात अडकतात. तुम्ही सरळ मागणीच्या तक्त्याकडे जा. तिथे तीन रकाने असतात: लोकसंख्या, माणशी लिटर, आणि गुणाकार. खाली उद्योगासाठी अधिक इतके, गळतीसाठी अधिक इतके. पहिल्या रकान्यात लोकसंख्या कुठल्या दशकाच्या वाढीवरून पुढे ओढलीय ते बघा. मुंबईची लोकसंख्या १९८१ ते १९९१ आणि १९९१ ते २००१ या दोन्ही दशकांत वीसेक टक्क्यांनी वाढली. १९९४ मध्ये डॉ. माधव चितळे यांच्या समितीनं मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ सुचवली तो हा काळ. त्यानंतर २००१ ते २०११ मध्ये शहराची वाढ चारेक टक्क्यांवर आली. लोक ठाण्याकडे, वसई-विरारकडे, नवी मुंबईकडे सरकले. त्यांनाही पाणी लागतंच, ते नाकारायचं नाही, पण मग ते त्या शहराच्या तक्त्यात धरा. दोन्हीकडे नको.

दोन्हीकडे धरलेलं मी स्वतः पाहिलंय. एका खोऱ्यातल्या समितीची माणसं अहवाल घेऊन आली होती, एक सरपंच आणि दोन बी.ए. झालेली पोरं. पानं पावसात भिजून फुगलेली. मागणीच्या तक्त्यात शहराच्या बेरजेत एक औद्योगिक वसाहत होती. त्या वसाहतीचं नाव मला ओळखीचं वाटलं. परिशिष्टात पाहिलं तर तिची पाणी योजना वेगळी, स्रोत वेगळा, आणि ती आधीच चालू. म्हणजे एकच कारखाना दोन नद्यांचं पाणी पीत होता, कागदावर. मी पेन्सिलनं गोल केला आणि पोराला म्हटलं, "एवढाच एक प्रश्न विचार. बाकी काही बोलू नकोस." त्यानं तो लेखी विचारला. चार महिने उत्तर नाही, मग 'मागणीचा फेरआढावा घेण्यात येत आहे' असं पत्र आलं. धरण रद्द झालं नाही. फाइल मात्र खाली गेली, आणि त्या खोऱ्यात अजून भात लावला जातो.

तक्ता झाला की येव्याचं पान काढा. पावसाळ्यात नदीतून किती पाणी येतं त्याचा अंदाज म्हणजे येवा. सिंचनाच्या धरणात तो ७५ टक्के विश्वासार्हतेचा धरतात, म्हणजे शंभरातली पंचाहत्तर वर्षं तेवढं पाणी येईल. पिण्याच्या पाण्याला ९०-९५ टक्के धरायला हवा, कारण पंचवीस वर्षं शहराला कोरडं ठेवता येत नाही. अहवालात ७५ टक्क्यांचा आकडा शहराच्या नावावर लिहिला असेल तर शहराला सांगितलेलं पाणी फुगवलेलं आहे. हे शहरातल्या लोकांना सांगा, त्यांच्याही कामाचं आहे.

कायद्याबद्दल एक गोष्ट जी बहुतेकांना ठाऊक नसते. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत जलविद्युत आणि सिंचन धरणं येतात. निव्वळ पिण्याच्या पाण्याचं धरण त्यातून सुटतं. पर्यावरण मंजुरी नाही म्हणजे जनसुनावणीही नाही. तुम्ही जनसुनावणीची वाट पाहत बसाल आणि ती कधी येणारच नाही. तुमच्या हातात उरतात ती दारं तीन: वनजमीन वळवण्याची मंजुरी, अभयारण्य असेल तर वन्यजीव मंडळ, आणि ग्रामसभा. अहवालात 'उर्वरित पाण्यातून सिंचन' असं एखादं वाक्य असेल तर ते ठळक करा, कारण मग सूट लागू होते का हा प्रश्न उभा करता येतो.

मुरबाड तालुक्यातलं काळू धरण यासाठी बघा. माळशेज घाटाच्या पायथ्याचं खोरं, बुडितात सुमारे हजार हेक्टर वनजमीन, गावं बहुतांश आदिवासींची, पाणी मुंबई महानगर प्रदेशासाठी. २०११ मध्ये वनजमिनीची परवानगी हातात नसतानाच काम सुरू झालं. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये काम थांबलं. सौंदर्यावर थांबलं नाही, एका न मिळालेल्या कागदावर थांबलं. थांबलं म्हणजे संपलं असंही नाही, काळूचं नाव पुन्हा पुन्हा वर येतं. हे काम तुमच्या आयुष्यभराचं होऊ शकतं, आत्ताच सांगून ठेवतो.

ग्रामसभेचं महत्त्व वनहक्क कायद्यातून येतं. २००९ च्या केंद्राच्या परिपत्रकानं वनजमीन वळवताना ग्रामसभेच्या संमतीचा कागद जोडणं आवश्यक केलं. २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी राज्याकडे सरकवली, आणि 'आधी ठराव, मग मंजुरी' हा क्रम सैल झाला. त्यामुळे वाट पाहू नका. प्रकल्पाचा कागद गावात यायच्या आधी सामूहिक वनहक्काचा दावा दाखल करा. आणि ग्रामसभेचा कोरम! मी पाहिलेले निम्मे ठराव कोरमवर पडतात. बायकांच्या सह्या, अंगठे, हजेरीपत्रक, तारीख, सभेचा फोटो, सगळं एका फायलीत. ठराव एका ओळीचा नको. कुठल्या गटातली किती घरं, कुठली देवराई, कुठली मोहाची झाडं, कुठला पाणवठा बुडतो ते त्यात नावानं येऊ द्या.

इथे मुळशीची आठवण काढतो, कारण ती सगळे चुकीच्या कारणासाठी काढतात. १९२१ चा मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट, 'जान की जमीन', हे शाळेत शिकलो. धरण टाटांचं, वीज मुंबईची, बुडाली मावळ्यांची भातशेती. पण तो लढा हरण्याचं एक कारण सातबाऱ्यावर होतं. पुष्कळ जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेली. कसणारा मावळा, मालक पेठेतला. नुकसानभरपाईचा सौदा झाला तेव्हा मालकाला पैसे मिळणार होते, कुळाला काय मिळणार होतं? दोघांचं हित एक राहिलं नाही. आजही तेच आहे. तुमच्या गावात आजोबांच्या नावावरचा सातबारा तसाच असेल, वारसनोंद झाली नसेल, फेरफार अडकलेला असेल. धरणाची कुणकुण लागली की बाहेरचे लोक स्वस्तात जमिनी घेऊन जातात, भरपाईसाठी. सहा महिन्यांनी तेच लोक 'आम्ही भूमिपुत्र, आमची संमती आहे' म्हणून बैठकीला हजर. तेव्हा मोर्चाआधी तलाठ्याकडे जा.

शहरातल्या माणसांशीही बोला. पण 'तुम्ही लुटारू' असं म्हणून नको. शहापूर तालुक्याचं उदाहरण द्या: तानसा, भातसा, वैतरणा, सगळं त्या पट्ट्यात, आणि उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर. धरण उशाला आणि कोरड घशाला. मग त्यांना त्यांच्याच वस्तीबद्दल विचारा. नवं धरण झालं तर ४५ लिटरवाल्या वस्तीला त्यातलं किती मिळेल, हे कुठल्या कागदावर लिहिलंय? माझ्या पाहण्यात तसा कागद आलेला नाही. पाणी हक्कासाठी शहरात झगडणारी माणसं तुमची खरी सोबती आहेत. ट्रेकवाल्यांच्याही आधी त्यांना भेटा.

शेवटी एक कडू शक्यता. समजा सगळा हिशेब केला आणि शहराची तूट खरीच निघाली. लहान शहरांच्या बाबतीत असं होतं, मी दोनदा पाहिलंय. मग उंचीवर बोला. अभियंता सांगेल की उंची थोडी कमी केली तरी साठा फार घटतो, आणि व्ही आकाराच्या दरीत ते गणितानं खरं आहे: उंची दहा टक्के कमी केली तर बुडित एकोणीसेक टक्के कमी होतं, साठा सत्तावीसेक टक्के. पण घरं दरीच्या तळाला नसतात. ती वरच्या सपाट टप्प्यावर असतात, म्हणजे पूर्ण संचय पातळीच्या, धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर चढतं त्या रेषेच्या, शेवटच्या काही मीटरांत. त्या दगडांवर जे लाल आकडे टाकलेत ते हीच पातळी दाखवतात. पाड्याचा पहिला ओटा त्या आकड्यापेक्षा किती मीटर खाली आहे ते मोजा. पाणनळी चालेल, दोन पोरं आणि वीस मीटर पारदर्शक नळी पुरते. तीन-चार मीटरांत पाडा वाचत असेल तर तो प्रश्न लेखी विचारता येतो, आणि त्याला 'विकासविरोधी' म्हणून उडवता येत नाही.

आत्ता मार्च संपतोय. माहितीच्या अधिकारात दोन अर्ज करा. एक प्रकल्प अहवालासाठी. दुसरा शहराच्या पालिकेकडे, गेल्या पाच वर्षांचं पाणी लेखापरीक्षण आणि चालू मीटरांची संख्या मागणारा. दुसरा आधी टाका, त्याला वेळ लागतो. आणि मे महिन्यात, वळीव पडायच्या आधी, नदी सगळ्यात बारीक असताना दर आठवड्याला एकाच जागी प्रवाह मोजून ठेवा: दहा मीटर अंतर दोरीनं आखा, बोंडाएवढं लाकूड सोडा, सेकंद मोजा, पात्राची रुंदी आणि खोली लिहा. वही साधी चालेल, तारीख मात्र हवी. अहवाल हातात आला की मागणीच्या तक्त्याचं पान मला पाठवा. पूर्ण अहवाल नको, ते एकच पान.